ताटातला कापूस आणि समोरची भिंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात सूत आणि कापड तयार करणाऱ्या एका कंपनीची जुनी जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याची, शेड होती. शेजारीच नवी जिनिंग उभी राहिल्यावर रिकाम्या झालेल्या या शेडमध्ये कंपनीने इनोव्हेशन सेंटर करायचे ठरवले आणि त्या दालनातल्या सर्व डिजिटल इंटरफेसच्या रचनेचे काम माझ्याकडे सोपवले. दहा मीटर रुंदीची वक्र भिंत, तिच्यावर तीन लेझर प्रोजेक्टरांनी मिळून पडणारे एकच सलग चित्र, भिंतीसमोर चारही बाजूंनी माणसे उभी राहू शकतील असे मोठे काचेचे टच टेबल आणि दालनात शिरण्याआधीची एक लांबट ओसरी, एवढी सामग्री आधीच ठरलेली होती. तिचा उपयोग कसा करायचा, हे मात्र कंपनीने मोकळे ठेवले होते आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. कापूस पेरणारा शेतकरी, तो वेचणारी मजूर बाई, जिनिंगमधला फिटर, सूतगिरणीचा गुणवत्ता अधिकारी आणि कृषी शास्त्रज्ञ या सर्वांनी एकाच प्रश्नाभोवती उभे राहून त्यातून वाट काढावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पहिल्या हंगामासाठी दोन प्रश्न निवडले गेले: कापसात मिसळणारा प्लॅस्टिकचा कचरा आणि गुलाबी बोंडअळी.

अशा दालनांचा शहरातला साचा माझ्या चांगल्या परिचयाचा होता. काळोखी खोली, काळ्या पार्श्वभूमीवर उजळणाऱ्या निळसर रेषा, पाहुणे आत येताच सुरू होणारे संगीत आणि मग दहा मिनिटांची एक देखणी चित्रफीत. पाहुणे थक्क होतात, फोटो काढतात आणि चहाला जातात. १९९२ साली शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातून ‘केव्ह’ ही खोली जगापुढे आली. तिच्या भिंतींवर आणि जमिनीवर चित्र पडत असे आणि आतल्या एका व्यक्तीच्या डोक्याची हालचाल टिपून ते चित्र तिच्या नजरेप्रमाणे बदलत असे. आत आणखी माणसे उभी राहू शकत, पण चित्राचा अचूक कोन त्या एकट्या व्यक्तीलाच मिळे. एका पाहणाऱ्याभोवती खोली रचण्याची ही सवय या क्षेत्राला तेव्हापासून जडली आहे, असे माझे मत आहे. राळेगावच्या शेडमध्ये मला अनेकांच्या बोलण्याभोवती खोली रचायची होती, त्यामुळे डोक्याची हालचाल टिपणारी यंत्रणा मी सुरुवातीलाच वगळली.

पहिले काम संगणकाबाहेरचे होते. वेचणीच्या आरंभीचा सीतादहीचा विधी होऊन वेचणी सुरू झाली होती आणि नव्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या. मी वही घेऊन त्या आवारात बसत असे आणि माणसे कापसाबद्दल बोलताना नेमके काय करतात, ते टिपत असे. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर ढिगाच्या आतपर्यंत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढतो, सरकीवरची रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढतो आणि धाग्याची लांबी डोळ्यांनी मोजतो. शेतकरी त्याच्या हातातला कापूस परत घेतो, स्वतः ओढून पाहतो आणि म्हणतो, “भाऊ, याच्यात ओल कुठं हाय?” ओलाव्याचे मीटर तिथेच असते, ८ ते १२ टक्के ही खरेदीची मर्यादा दोघांनाही पाठ असते, तरी बोलणे मीटरशी होत नाही. ते हातातल्या मुठीशी होते आणि ती मूठ या हातातून त्या हातात जात राहते. मला माझ्या इंटरफेसचा आरंभबिंदू तिथे सापडला. ज्या खोलीत कापसाला हात लावता येत नाही, त्या खोलीत या माणसांनी कापसाविषयी नवे काही सुचवावे अशी अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटले.

टच टेबलाच्या तंत्रज्ञानानेही मला याच निष्कर्षाकडे ढकलले. मोठ्या टेबलांवर स्पर्श ओळखण्याच्या दोन पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. एका पद्धतीत चौकटीच्या कडांमधून अवरक्त किरणांचे जाळे काचेवर अगदी लगत सोडलेले असते आणि ते जिथे अडते तिथे स्पर्श झाला असे मानले जाते. शेजारी जिनिंग चालू असताना हवेत रुईची तूस सतत तरंगत असते. ती काचेवर उतरली की किरण अडतात आणि कोणी हात लावलेला नसतानाही पडदा उघडमीट करू लागतो. लुगड्याचा पदर किंवा सदऱ्याची बाही टेकली तरी तेच. दुसऱ्या, म्हणजे कॅपॅसिटिव्ह पद्धतीत बोटाच्या विद्युतवाहकतेमुळे काचेखालचे क्षेत्र बदलते. इथे तूस आड येत नाही, परंतु हंगामभर वेचणी करून बोंडांच्या वाळलेल्या टरफलांनी चरचरीत झालेल्या, घट्टे पडलेल्या कोरड्या बोटांचा स्पर्श ती अनेकदा ओळखत नाही. चाचणीला आलेल्या एका मावशींनी तीनदा बोट टेकवले आणि हात मागे घेतला. “माह्या हातानं नाय होत, ताई, तुमी करा,” असे त्या म्हणाल्या. ज्या हातांतून या जिल्ह्यातला सगळा कापूस जातो, ते हात या दालनात अपात्र ठरावेत हे मला मान्य होणे शक्यच नव्हते.

म्हणून बोट हे मुख्य साधन ठेवायचे नाही आणि त्याऐवजी ताट वापरायचे, असा निर्णय झाला. सागवानाचे पातळ, कडा थोड्या उचललेले ताट. त्यात खरा कापूस, किडके बोंड, सरकी किंवा रुईचा पुंजका ठेवायचा. ताटाच्या तळाला एकमेकांना जोडलेले तांब्याचे ठिपके बसवले. प्रत्येक ताटाच्या ठिपक्यांमधील अंतरे वेगळी असल्यामुळे कॅपॅसिटिव्ह काच कोणते ताट कुठे ठेवले आहे आणि ते कोणत्या दिशेने फिरवले आहे, हे ओळखते. माणसाचा हात ताटावर नसतानाही ओळख टिकावी म्हणून टेबलाच्या कंट्रोलरची संवेदनशीलता बराच काळ जुळवावी लागली. हातात धरता येणाऱ्या वस्तूंतूनच संगणकाशी व्यवहार व्हावा, हा विचार अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात हिरोशी इशी यांनी १९९७ साली मांडला होता आणि तो मी शिकत असताना वाचला होता. त्याची खरी गरज मला राळेगावात पटली. घट्टे पडलेला हात असो, मेंदी लावलेला असो किंवा ग्रीसने माखलेला असो, ताट उचलून ठेवायला कोणालाही शिकवावे लागत नाही.

ताट टेकताच त्याच्याभोवती पांढरे वर्तुळ उमटते. एवढ्या लहान गोष्टीवर मी पुष्कळ वेळ घालवला, कारण तिच्यावर पुढचा विश्वास अवलंबून असतो. सुमारे ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळाला तर तो आपल्याच कृतीचा परिणाम आहे असे माणसाला वाटते. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली मांडलेली ही मर्यादा आजही तशीच लागू पडते. भिंतीवरचे मोठे चित्र तयार व्हायला त्याहून अधिक वेळ लागे. म्हणून वर्तुळ उमटवण्याचे काम भिंतीच्या संगणकाकडे न ठेवता टेबलाच्या संगणकाकडे दिले, आणि चित्र येईपर्यंत वर्तुळाची कड भिंतीच्या दिशेने हळूहळू ताणली जाईल अशी हालचाल दिली. लोक त्या कडेच्या मागोमाग नजर वर नेतात आणि तोवर भिंत तयार झालेली असते.

संगणकावर पडदे रंगवण्याआधी ते खऱ्या आकारात पाहणे आवश्यक होते. शेडच्या जमिनीवर फक्की मारून टेबलाची आणि भिंतीची जागा आखली आणि भिंतीवर दिसणार असलेले पडदे तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानातून पूर्ण आकारात छापून आणले. वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फलक छापणाऱ्या त्या दुकानदाराला देवनागरी अक्षर लांबून कसे दिसते याचे जे ज्ञान होते, ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. दहा फुटांवरून सहज वाचता यावे यासाठी अक्षराची उंची किमान एक इंच हवी, हा पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब रोमन मोठ्या अक्षरांसाठी ठीक आहे. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांट्या आणि रफार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात, त्यामुळे अक्षराचा मूळ भाग लहान उरतो. “बारीक फॉन्ट घेऊ नका, ताई, ‘ष्ट’ अन् ‘क्ष’ त पुरा बुजून जाते,” असे त्याने पहिल्याच भेटीत बजावले. प्रोजेक्टरच्या प्रकाशात पातळ रेषा आणखी विरतात, म्हणून अर्ध-ठळक अक्षरे, ओळींमध्ये भरपूर अंतर आणि एका पडद्यावर एकच वाक्य, असा नियम आम्ही केला. तीन प्रोजेक्टरांची चित्रे जिथे एकमेकांवर येतात त्या दोन पट्ट्यांमध्ये मजकूर अजिबात ठेवायचा नाही, हेही तेव्हाच ठरले.

फ्लेक्स दोरीवर टांगून चाचण्या घेतल्या. ताट ठेवले की आतल्या बाजूला उभा असलेला माझा सहकारी योग्य फलक सरकवत असे. संगणकाचे काम पडद्याआडून माणसाने करायचे, ही चाचणीची जुनी आणि स्वस्त पद्धत आहे, आणि गावातल्या माणसांना ती लपवून ठेवण्याचे आम्हाला काही कारण नव्हते. त्यांनी सहकाऱ्याला हाका मारून फलक मागेपुढे करायला लावले, आणि त्यामुळे त्यांना मागे जायचे असते तेव्हा ते नेमके काय शोधत असतात, हे आम्हाला आपसूक कळले.

त्याच चाचण्यांत डोमकळीचा प्रसंग घडला. गुलाबी बोंडअळीची अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून धाग्यांनी बांधल्या जातात, फूल पूर्ण उमलत नाही आणि लहान गुलाबासारखे मिटून राहते. तिलाच डोमकळी म्हणतात. भिंतीवर आम्ही दोन मीटर उंचीची अतिशय स्पष्ट डोमकळी छापली होती. आयुष्यभर पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, काढलेली माणसे तिच्यासमोर उभी राहिली आणि कोणालाही ती ओळखता आली नाही. एका काकाजींना ती कोबीची गड्डी वाटली. मग टेबलावरच्या कागदावर मी तीच डोमकळी खऱ्या आकारात, म्हणजे चिमटीत मावेल एवढी दाखवली आणि सगळे एकदम म्हणाले, “हे त डोमकळी हाय.” प्रतिमा मोठी केली की ती अधिक समजते, हा इमर्सिव्ह, म्हणजे पाहणाऱ्याला चित्राने वेढून टाकणाऱ्या, दालनांचा पाया समजला जातो. प्रत्यक्षात ओळख वस्तूच्या मापाशी बांधलेली असते. तेव्हापासून आम्ही जे हातात मावते ते भिंतीवर आधी हाताएवढेच दाखवतो आणि ताट फिरवले की ते सलगपणे वाढत जाते, मध्ये कुठेही तुटत नाही. डोमकळी चिमटीएवढी असताना लोक तिला नाव देतात, आणि ती दोन मीटरची होईपर्यंत आतली अळी आणि तिने केलेली जाळी आपल्या ओळखीच्या फुलात पाहतात.

दालन काळोखी ठेवायचे नाही, यासाठी मला थोडा वाद घालावा लागला. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांचे ऊन असते आणि त्या लख्ख उजेडातून माणूस अंधाऱ्या खोलीत आला की डोळे बसायला कित्येक मिनिटे लागतात; पूर्ण अंधाराला सरावायला तर २० ते ३० मिनिटेही लागू शकतात. वयस्कर माणसांना त्याहून अधिक त्रास होतो. पहिली काही मिनिटे चाचपडत काढलेला पाहुणा नंतर पुढे होऊन बोलत नाही. म्हणून ओसरीतला उजेड पायरीपायरीने कमी केला, तिथे वाचण्यासारखे काहीही ठेवले नाही, बसायला बाक आणि प्यायला माठातले पाणी ठेवले. आत भिंतीची पार्श्वभूमी कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाची, फिकट केली. याला तांत्रिक कारणही होते. प्रोजेक्टरचा काळा रंग कधीच पूर्ण काळा नसतो आणि दोन चित्रे एकमेकांवर येतात त्या पट्टीत दुप्पट उजेड साचल्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी पट्टा उठून दिसतो. फिकट पार्श्वभूमीवर तो जाणवत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या प्रकाशमानतेचे गुणोत्तर वेबच्या सुगम्यता मापदंडांनुसार किमान ४.५:१ असावे लागते. ते आम्ही संगणकावरच्या रंगांवरून न ठरवता दार उघडे असताना भिंतीवर मीटर धरून मोजले, कारण बाहेरून येणारा उजेड मजकुरावर आणि पार्श्वभूमीवर सारखाच पडतो आणि गुणोत्तर झपाट्याने खाली आणतो.

टेबलाभोवती कोण कुठे उभे राहते, हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला. कंपनीचे अधिकारी आपोआप भिंतीसमोरच्या बाजूला उभे राहत, शेतकरी त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंना आणि वेचणाऱ्या बाया मागच्या भिंतीला टेकून. टेबलावरचा मजकूर एकाच दिशेने लावला असता तर ही उतरंड काचेवर कायमची कोरली गेली असती. म्हणून टेबलाच्या चारही कडांना स्वतंत्र ताटे दिली, त्या त्या ताटाभोवतीचा मजकूर त्या त्या बाजूच्या माणसाकडे तोंड करून उमटतो, आणि कोणत्याही बाजूने ठेवलेले ताट भिंतीवर तेवढीच जागा घेते. सगळे पडदे एकाच टॅब्लेटवरून चालवता यावेत, अशी एक सूचना व्यवस्थापनाकडून आली होती. पाहुण्यांना माहिती देणाऱ्यासाठी ते सोयीचे झाले असते, पण टॅब्लेट ज्याच्या हाती असेल त्याच्याच हाती चर्चा गेली असती. दोन बैठका झाल्यावर व्यवस्थापनाने माझे म्हणणे मान्य केले. टॅब्लेटवर आता फक्त दिवे आणि आवाज आहेत.

या मांडणीचा खरा कस प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या बैठकीत लागला. टेबलाच्या काचेवर कापसाचा प्रवास दाखवणारी एक वाट आखलेली आहे: शेत, गंजी, सरकी वेगळी करणारे डबल रोलर जिन, १७० किलोची गाठ, सूत आणि शेवटी रंगवलेले कापड. ताट या वाटेवरून सरकवले की भिंतीवर त्या त्या टप्प्यावर ताटातल्या वस्तूचे काय होते ते दिसते. वाटेवर आम्ही मुद्दाम काही मोकळ्या जागा ठेवल्या आहेत. तिथे ताट थांबवले की भिंत कोरी राहते आणि टेबलावरचा कॅमेरा सुरू होतो. त्याच्याखाली जे धराल ते भिंतीवर त्या टप्प्यात जाऊन बसते. ज्यांनी काम केले आहे त्यांनाच वाटेत काय राहून गेले ते ठाऊक असते, आणि त्यांना ते सांगायला जागा मिळावी हा त्यामागचा हेतू होता.

गुणवत्ता अधिकाऱ्यांनी कापसात अडकलेला पिवळ्या प्लॅस्टिकचा वीतभर धागा ताटात ठेवला आणि ताट शेवटच्या टप्प्यापर्यंत नेले. एक धागा जिनमध्ये आणि पुढे गिरणीच्या पिंजण्यात तुटून त्याचे असंख्य बारीक तंतू होतात, ते सुतात पसरतात आणि कापसाचा रंग प्लॅस्टिकला लागत नसल्यामुळे रंगवलेल्या कापडावर ते वेगळे उठून दिसतात. भिंतीवर निळ्या कापडाचा सबंध पट्टा पिवळट ठिपक्यांनी भरला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अधिकारी म्हणाले की वेचणीतच काळजी घेतली तर हे टळेल. त्यावर पलीकडच्या कडेला ताट धरून उभ्या असलेल्या एका मावशींनी सरळ उत्तर दिले, “आमी काय मुद्दाम टाकतो काय, साहेब? वेचतो त ओटीत, ओटी सुती लुगड्याचीच राह्यते. पन घरी न्यायले पोतं त खताचंच हाय ना.” त्यांनी अधिकाऱ्यांचे ताट मागे ओढले आणि शेत व गंजी यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर ठेवले. भिंत कोरी झाली. तेवढ्यात जिनिंगचा फिटर बाहेर गेला, आवारातले एक रिकामे पोते घेऊन आला आणि त्याचे फाटके तोंड कॅमेऱ्याखाली धरून म्हणाला, “पोत्याले कातर कोन लावते? इळ्यानं तोंड फाडतेत, अन् तिथूनच सुटते हे धागे.” पोत्याच्या तोंडाशी लोंबणारे, दातऱ्या विळ्याने कुरतडले गेलेले पिवळे धागे भिंतीवर स्वच्छ दिसत होते आणि ताटातला धागा त्यांच्याशी रंगाने आणि जाडीने तंतोतंत जुळत होता.

त्यानंतरचा तास दीड तास भिंतीकडे कोणी फारसे पाहिले नाही. सुती कापडाची पोती कोणी शिवायची, त्यांचे पैसे कोणी द्यायचे, पोते परत कसे मिळायचे, गाडी रिकामी करणाऱ्या हमालांना विळ्याऐवजी काय द्यायचे, यावर टेबलाभोवती वाद झाले. काही गावांपुरती कापडी पोती कंपनीने पुरवायची आणि गाडी रिकामी करताना तोंडाची शिवण उसवायची, फाडायची नाही, असे तिथे ठरले. ठरलेल्या गोष्टी टेबलाच्या कडेला असलेल्या लहान प्रिंटरवर मराठीत छापून प्रत्येकाच्या हातात दिल्या जातात. माझ्या दृष्टीने त्या दालनातला सर्वांत मोलाचा पडदा तो कागद आहे.

बोंडअळीच्या पडद्यांत मला वेगळ्या कारणाने सावध राहावे लागले. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातल्या पऱ्हाटीचे अपार नुकसान केले आणि त्याच हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे आणि फवारणी करणाऱ्या मजुरांचे जीव गेले. त्या दिवसांची आठवण असलेल्या माणसांसमोर धोक्याची लाल भिंत लखलखवणे मला क्रूर वाटले, आणि घाईने फवारणीला प्रवृत्त करणे तर धोक्याचेच होते. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाच्या वडीकडे नर पतंग येतात; सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानतात. हा टप्पा आला की भिंत रंग बदलत नाही. तिच्यावर एक शांत वाक्य येते: शेतात जाऊन एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहा, त्यांपैकी २ बोंडांत अळी दिसली तर पुढचे ठरवा. त्यानंतरच्या पडद्यावर हातमोजे, मास्क, चष्मा आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी आधी येतात, औषधाची मात्रा त्याच्यापुढे. हा क्रम ओलांडून पुढे जाण्याची सोय आम्ही ठेवलेली नाही. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेले कापसाचे पीक, ठेवली तर अळीचा जीवनक्रम कसा तुटत नाही, हे मात्र भिंतीच्या पूर्ण रुंदीवर बारा महिन्यांच्या पट्ट्यात दाखवले आहे, कारण वर्षभराचा कालावधी एका नजरेत मावण्यासाठी एवढी मोठी भिंत खरोखरच उपयोगी पडते.

गावांच्या नकाशावर शेतकऱ्यांची नावे आणि एकरी उत्पादन दाखवावे, अशीही एक कल्पना पुढे आली होती. खेड्यात कोणाला किती पिकले हे भिंतीवर झळकले तर सावकारापासून सोयऱ्यांपर्यंत सर्वांच्या नजरा त्यावर जातात. भिंतीवर गावाची एकत्रित आकडेवारीच दिसेल आणि स्वतःचा आकडा स्वतःच्या छापील कागदावरच मिळेल, असे आम्ही लेखी ठरवून घेतले.

उरलेल्या अडचणी नेहमीच्या होत्या. वीज गेली तर यूपीएसवर यंत्रणा नीट बंद व्हावी आणि परत आल्यावर चर्चा जिथे थांबली होती तोच पडदा उघडावा, यासाठी प्रत्येक बदल त्या क्षणी साठवला जातो. इंटरनेटवर काहीही अवलंबून ठेवलेले नाही. पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजात निवेदन ऐकू येत नाही, म्हणून कोणतीही आवश्यक गोष्ट केवळ आवाजातून सांगितली जात नाही. सापळ्यांतले आकडे गावातली मुले सकाळी मोबाईलवरच्या एका साध्या फॉर्ममध्ये भरतात आणि पडद्यांवरचा मजकूर बदलण्याचे काम कंपनीतले कृषी पदवीधर स्वतः करतात, त्यासाठी त्यांना माझ्याकडे यावे लागत नाही.

वेचणाऱ्या बायांनी मात्र एक नेमकी तक्रार केली. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे ऐन हंगामात दालनात घालवलेला दिवस म्हणजे बुडालेला रोज. कंपनी आता बैठकीला येणाऱ्या प्रत्येकीला त्या दिवसाची मजुरी देते, पण त्यांचे म्हणणे असे होते की हे सगळे गावात आणले तर संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर, जास्त जणी येतील. म्हणून सध्या मी त्याची फिरती आवृत्ती करते आहे. समाजमंदिरातला टीव्ही, जीपमध्ये मावेल एवढी काच, चार ताटे, एक कॅमेरा आणि तोच लहान प्रिंटर. वक्र भिंत आणि तीन प्रोजेक्टर या आवृत्तीत नाहीत. ताटाभोवतीचे वर्तुळ, हाताएवढ्या मापापासून सुरू होणारे चित्र, वाटेवरच्या मोकळ्या जागा आणि चारही बाजूंनी वाचता येणारा मजकूर तेवढा ठेवला आहे. टीव्ही भिंतीपेक्षा पुष्कळ लहान असल्यामुळे बारा महिन्यांचा फरदडीचा पट्टा त्यावर मावत नाही. तो पुन्हा फ्लेक्सवर छापून समाजमंदिराच्या भिंतीवर टांगायचे ठरले आहे आणि त्याची मापे मी त्याच दुकानदाराकडे पाठवली आहेत.